तुडुमातले झेंडे

सिरसटोल्यात बकाराम कापगतेशी कोणी वाद घालत नाही. भीतीपोटी नव्हे, वेळ जातो म्हणून. सकाळी काढलेला वाद बकाराम गुरं घरी यायच्या वेळेपर्यंत पुरवून पुरवून वापरतो, आणि तोवर समोरच्याची दोन कामं बुडालेली असतात. म्हणून लोक ‘हो काका’ म्हणतात आणि सुटका करून घेतात. बकारामला वाटतं, पटलं बुवा यांना. साठी उलटून बरीच वर्षं झाली तरी माणूस याच समजुतीवर जगतो आहे, आणि खरं सांगायचं तर सुखात जगतो आहे.

गाव गोंदिया जिल्ह्यातलं, सडक अर्जुनीकडचं. आधी तलाव लागतो, मग घरं. वस्ती बहुतेक कोहळी समाजाची. आता कोहळ्यांना तलावाचं काय वेड असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पाणी कुठे अडेल, पाळ कुठून वळवावी, हे यांच्या वाडवडलांनी नुसत्या नजरेनं ठरवलं आणि डोक्यावर मातीच्या टोपल्या वाहून तलाव उभे केले. पाळ म्हणजे तलावाचा बांध. या पाळीच्या आतल्या अंगाला, पाण्यात, दगडी तुडुम आहे. तलावाचं पाणी शेतात सोडायची ती जागा. तिला वरपासून खालपर्यंत एकाखाली एक भोकं, प्रत्येक भोकात लाकडी दट्ट्या. पाणी उतरत जाईल तसतसा खालचा दट्ट्या ओढायचा. तो ओढण्याचा मान कापगत्यांच्या घरचा. त्यांना विचारल्याशिवाय तुडुमात दुसऱ्या कोणी उतरायचं नाही. हा मान कोणी दिला, केव्हा दिला, असं विचारू नये. बकाराम सांगायला बसेल.

दुसरा मान झेंड्याचा. शाळेपुढच्या खांबावर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला जो झेंडा चढतो त्याची घडी घालून दोरी बांधून देणं बकारामकडे. ओढणारे बदलत असतात. कधी सरपंच, कधी तालुक्याचा एखादा साहेब. बांधणारा तोच. हा मान त्याच्या बापापासून आला. सत्तेचाळीस साली गावात पहिला झेंडा लागला तो बाजारगावच्या शिंप्यानं शिवलेला होता, आणि शिंप्यानं मधोमध चरखा काढला होता, कारण तोवर त्यानं पाहिलेल्या प्रत्येक झेंड्यावर चरखाच होता. चरख्याच्या जागी चक्र आलं ही खबर सिरसटोल्याला काही आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी कळली. मग बकारामच्या बापानं चरखा उसवला आणि बायकोच्या निळ्या लुगड्याचा काठ कापून त्याचं चक्र बसवलं. आरे किती असावेत याची चौकशी कोणी केली नाही. तो झेंडा पुढे कैक वर्षं चालला, विरला, आणि मग एके दिवशी बापानं तो तलावात थंड केला.

थंड करणं ही तिकडची रीत. देवाची जुनी तसबीर, भंगलेली मूर्ती, पूजेची फुलं, यातलं काही उकिरड्यावर जात नाही. पाण्यात सोडतात, त्याला थंड करणं म्हणतात. झेंडाही तसाच. शाळेचा झेंडा दर काही वर्षांनी विरायचा. बकाराम आंघोळ करून पाळीवर जायचा, नारळ फोडायचा, झेंड्याला दगड बांधून तुडुमाजवळ सोडायचा. तुडुमाजवळच का, तर तलावातली ती सगळ्यात मानाची जागा, आणि खोलही. झेंडा खादीचा असायचा. एकदोन पावसाळ्यांत त्याची माती व्हायची. इतकी वर्षं हे चाललं आणि कोणाच्या धानाला त्याचा त्रास झाला नाही.

झेंड्याचा अर्थही बकारामचा स्वतःचा आहे. शाळेत नंदलाल गुरुजी पोरांना सांगतात ते वेगळं: केशरी त्यागाचा, पांढरा सत्याचा, हिरवा भूमीचा, चक्र गतीचं. बकाराम हे ऐकून घेतो आणि कार्यक्रम संपला की गुरुजींना गाठतो.

“हिरवा खाली हाये ते धानाची बांधी. त्याच्या वर पांढरं ते तलावाचं पानी. अन् वर केशरी ते पाळीवरून सकाळी आभाळ दिसते ते. तलाववाल्यायचाच झेंडा होये हा.”

“आणि चक्र?” गुरुजींनी एकदा विचारलं होतं.

“ते दिल्लीवाल्यायचं. बाकी आमचं.”

गुरुजी हसले आणि ‘हो काका’ म्हणाले.

तर असं सगळं ठीक चाललं होतं. झेंडा म्हणजे हातानं कातलेल्या सुताचा, हातानं विणलेला, हा नियम होता. एकवीस सालच्या अखेरीस तो बदलला. मशीनवरचा चालेल, पॉलिस्टरचाही चालेल. पुढच्या पावसाळ्यात घरोघरी तिरंगा आला. सिरसटोल्यात कवेलूच्या घरावर झेंडा, स्लॅबच्या घरावर झेंडा, पानठेल्यावर झेंडा. बकाराम त्या दिवसांत जमिनीवर नव्हताच. एकाचा उलटा लागला होता तो शिडी लावून सरळ केला. दुसऱ्यानं वाकड्या काठीला बांधला होता, त्याला सरळ काठी कापून आणून दिली. गावाचा झेंडा आजवर एक होता, आता घराघराचा झाला, याचा त्याला मनापासून आनंद झाला होता.

पण पंधरा ऑगस्ट गेला, पोळा गेला, गणपती गेले, झेंडे आपले तिथेच. लावायला सांगितलं होतं, काढायचं कोणी सांगितलं नव्हतं. दसऱ्यापर्यंत केशरी उडून गेला, पांढरा धुरानं काळवंडला, कडा फाटून झिरमिळ्या झाल्या. एका घरी कोंबड्यांच्या खुराड्यावर ऊन लागू नये म्हणून झेंडा टाकलेला दिसला. बकारामनं त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि झेंडा काढून घेतला. मग त्यानं सायकल काढली आणि घरोघर फिरून सगळे विटके झेंडे गोळा केले. खताच्या पोत्यात भरणं त्याला बरं वाटेना, म्हणून स्वतःचं धुतलेलं धोतर नेलं आणि त्यात गाठोडं बांधलं. लोकांनी आनंदानं दिले. तेवढीच छपरावरची अडचण गेली.

“घरात धान ठेवाले जागा नाई, अन् हे गावभरचे झेंडे आनून राहिले,” धुरपता म्हणाली. धुरपता त्याची बायको. गावात बकारामशी वाद घालणारी ती एकटीच, कारण तिची कामं वादानं बुडत नाहीत. हात चालूच असतात.

“ठेवाचे नाईत. थंड कराचे आहेत.”

नंदलाल गुरुजींच्या कानावर गेलं तेव्हा ते मुद्दाम घरी आले. “काका, नियम आहे. फाटका झेंडा पाण्यात नाही टाकायचा. एकांतात, मानानं जाळायचा.”

“आग मढ्याले देतेत गुरुजी. झेंडा मेला काय?”

“नियम आहे काका.”

“आग देनारा कोन? जो आग देते तो सुतकात बसते. तुमी बसान?”

गुरुजींची शाळा भरायची वेळ झाली होती. ते ‘हो काका’ म्हणाले आणि गेले. इथेच कोणीतरी बसून, दिवस बुडाला तरी चालेल म्हणून, वाद संपवायला हवा होता. पण सांगतो ना, सिरसटोल्यात तशी पद्धत नाही.

पहिल्या वर्षी झेंडे थंड झाले, दुसऱ्या वर्षी झाले, तिसऱ्या वर्षीही झाले. प्रत्येकाला दगड, दगडाला नायलॉनची सुतळी, प्रत्येक गाठोड्यापुढे एक नारळ. त्या तिन्ही वर्षी पाऊस भरपूर पडला, वरचीच भोकं पुरली, खालच्या भोकाला हात लावायची वेळ आली नाही.

चौथ्या वर्षी पाऊस लवकर गेला. हलक्या धानाचं निभावलं, पण भारी धान, जे दिवाळीनंतर कापणीला येतं, ते नेमकं दाणा भरायच्या घडीला आलं आणि आभाळ कोरडं पडलं. तलाव उतरला. वरची भोकं उघडी पडली. गावाला शेवटचं एक पाणी पाहिजे होतं आणि ते सर्वांत खालच्या भोकातूनच येणार होतं.

या शेवटच्या पाण्याची सगळ्यात घाई उमराव मेंढेला होती. उमराव दुसऱ्याची जमीन बटईनं करतो, आणि ती जमीन पाटाच्या अगदी टोकाला आहे. तलावाचं पाणी आधी डोक्याकडच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, मिळतं, मग मधल्या, मग शेवटच्या. ही रीत तलावाइतकीच जुनी. डोक्याकडची दुसरी बांधी बकारामची, आणि सगळ्यात शेवटची उमरावची. म्हणजे पाणी उशिरा सुटलं तर बकारामचं फार बिघडत नाही, उमरावचं सगळंच बिघडतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

“काका, तुडुम कधी खोलून राहिले?” उमराव रोज विचारायचा. जास्त बोलायचा नाही.

“खोलतो ना गा. मुहूर्त पाहू दे.”

मुहूर्ताच्या सकाळी बकाराम पाळीवर गेला. नारळ फोडला, हळद वाहिली, पाण्यात उतरला आणि दट्ट्या ओढला. पाण्यानं एकदा गुळगुळ केलं आणि ते गप्प झालं. पाळीच्या पलीकडे पाटाशी फावडी घेऊन लोक उभे होते. तिकडे गाईच्या तोंडातून लाळ गळावी तेवढं पाणी आलं.

बकारामनं बुडी मारली. भोकात हात घातला. हाताला गाळ लागला नाही, कापड लागलं. त्यानं ओढून टोक वर आणलं. हिरवं होतं. गाळानं माखलेलं, पण रंग अजून पक्का. तीन वर्षं पाण्यात राहून त्याचा एक धागा सुटला नव्हता.

त्याला तिथल्या तिथे सगळं समजलं. त्यानं ते टोक परत पाण्यात सोडलं आणि वर आला.

“गाळ बसला हाये,” त्यानं लोकांना सांगितलं. “उद्या पाहू.”

वाद घालणारा माणूस, पण खोटं बोलणारा नव्हे. जेवायला बसला तेव्हा भात तसाच चिवडत राहिला.

“गाळ नाई ना?” धुरपतानं विचारलं.

“नाई.”

“झेंडे?”

त्यानं मान हलवली. धुरपता उठून भांडी घासायला लागली. हे त्याला फार लागलं. ती बोलली असती तर त्याला उत्तर तरी देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो एकटा तुडुमात उतरला. झेंडे भोकाशी ओढले जाऊन एकमेकांत असे गुंतले होते की दोराचा पीळ व्हावा. मध्ये नायलॉनच्या सुतळ्या, सुतळ्यांना दगड. बुडी मारायची, चाचपडत एखादा मोकळा करायचा, वर आणायचा, पाळीवर स्वच्छ धुवायचा, अंथरलेल्या धोतरावर नीट पसरायचा, मग पुन्हा बुडी. उन्हं वर आली तेव्हा मोजकेच झेंडे निघाले होते आणि बकारामचे ओठ निळे पडले होते. उमराव आला तो हे पाहून उभाच राहिला.

“हे काय होये काका?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. घटकाभरात सगळं गाव पाळीवर आलं.

एरवी असं कोणी तलावात काही टाकून तुडुम बंद केलं असतं तर त्याला गावानं जागचं हलू दिलं नसतं. पण आता शिवी द्यायची कशी? टाकणारा बकाराम, आणि टाकलेला झेंडा. शिवाय प्रत्येकाला ठाऊक होतं की त्या पिळात एक झेंडा आपल्याही घरचा आहे. एकानं वाट काढली. आत विळा घालायचा, सपासप कापायचं, पाण्याच्या जोरानं तुकडे निघून जातील. सांगणारा सांगून मोकळा झाला आणि मग त्याच्याच लक्षात आलं की विळा कोणाच्या हातात द्यायचा. झेंडा कापणं म्हणजे गुन्हा. कोणी मोबाइलात काढलं तर? गोंदियापर्यंत जाईल, मुंबईपर्यंत जाईल, दारात पोलिसांची गाडी येईल. सगळे एकमेकांच्या खिशांकडे पाहू लागले. सरपंच प्रेमिलाबाईंनी तालुक्याला फोन लावला. विचारून सांगतो, असं तिकडून सांगण्यात आलं.

“झेंड्याले विळा लावाचा नाई,” बकाराम पाण्यातून म्हणाला. “मी काढतो एकएक. माह्या मानाची जागा हाये. दुसऱ्यानं उतराचं नाई.”

आणि गाव ‘हो काका’ म्हणालं. विळा न लावण्याचं कारण त्यांना आयतं मिळालं होतं. पाळीवर सगळे हात बांधून बसले, खाली पाण्यात एक म्हातारा बुड्या मारत होता, आणि त्यांच्या पाठीमागे धान वाळत होतं. तो दिवस गेला. दुसराही गेला. तालुक्याचा फोन आला नाही. बकारामचा मुलगा वीरेंद्र कुडव्याला राहतो, गोंदियात दुकानात कामाला आहे, त्यानं फोनवर बापाला दुकानातल्या सवयीच्या हिंदीत एवढंच सांगितलं, “बाबा, फोटो मत निकालने देना किसी को.”

त्यानंतरच्या सकाळी उमराव आला तो हातात चार लोंब्या घेऊन. दाणा भरायच्या वेळी लोंबीतला दाणा दोन बोटांत दाबला की दूध येतं. उमरावनं बकारामसमोर एक दाणा दाबला. मग दुसरा. मग तिसरा.

“दूध आटून राहिलं काका.”

बकाराम गळ्याइतक्या पाण्यात उभा होता.

उमरावनं कमरेचा विळा काढला. “तुमी नाई कापत, त मी उतरतो. जेलात मी जातो. बायको पोरायले पाहीन.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच निघाला होता. त्यानं सदरा काढून पाळीवर ठेवलाही. आणि बकारामच्या मनात त्या वेळी आलं ते उमरावच्या धानाचं नव्हतं. तुडुमात दुसरं कोणी उतरणार, हे आलं. ते त्याला त्या वेळी कळलं नाही, नंतर कळलं.

“आन तो विळा,” तो म्हणाला.

विळा घेऊन त्यानं बुडी मारली. वर आला, श्वास घेतला, पुन्हा बुडी मारली. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा तो रडत होता, मोठ्यानं, आणि पाळीवरच्या सगळ्यांनी ते पाहिलं. कोणी ‘राहू द्या’ म्हणालं नाही. चौथ्या बुडीत आत काहीतरी सुटलं आणि पाणी धो धो सुटलं. पलीकडे पाटात केशरी, पांढऱ्या, हिरव्या चिंध्या पाण्याबरोबर बाहेर पडू लागले. पाटात उभी असलेली माणसं झपाट्यानं बाहेर आली, झेंड्यावर पाय पडू नये म्हणून. काहींनी काठावर चपला काढून ठेवल्या. कोणी मोबाइल काढला नाही, हे सिरसटोल्याच्या बाबतीत सांगितलं पाहिजे.

आता पाणी वाटायचं होतं, आणि तलावात ते फार उरलं नव्हतं. उमराव सदरा खांद्यावर टाकून बकारामच्या जवळ आला.

“काका, एक डाव मले पयले द्या. तुमच्याकडच्याले दोन दिवस उशीर चालते.”

बकाराम थंडीनं कुडकुडत होता. तोंडातून शब्द नीट निघत नव्हते, तरी हे नीट निघाले. “रीत नाई गा तशी.”

रीतीप्रमाणे पाणी डोक्याकडच्या बांध्यांना गेलं. बकारामची बांधी भरली. मधल्यांच्या भरल्या. उमरावच्या बांधीत पाणी पोचलं तेव्हा ते जेमतेम तळ ओला करण्याइतकं होतं, आणि धानाची जी वेळ होती ती निघून गेली होती.

दिवाळी झाली, कापणी आली. एका संध्याकाळी उमरावची बायको यशोदाबाई बकारामच्या अंगणात आली. डोक्यावर पदर, काखेत टोपली. टोपलीवर धुतलेलं फडकं झाकलेलं. तिनं टोपली ओट्यावर ठेवली आणि फडकं काढलं. आत चिंध्या होत्या, केशरी, पांढऱ्या, हिरव्या, धुऊन वाळवून, एकावर एक रचलेल्या. पाटाचं पाणी जे वाहून नेतं ते शेवटच्या बांधीत नेऊन टाकतं. उमरावकडे पाणी कमी पोचलं, झेंडे सगळे पोचले.

“मामाजी, धान कापताना पायाखाली येऊन राहिले होते, म्हून वेचले,” ती म्हणाली. “तुमाले मालूम असन याचं काय कराचं.”

“धान कसं हाये बाई?” धुरपतानं विचारलं.

“अर्धं पोचट हाये,” यशोदाबाई म्हणाली. टोपली रिकामी करून घेतली आणि गेली.

आता पाण्यात टाकायची सोय नव्हती. बकारामनं दुसऱ्या दिवशी आंघोळ केली, घरामागच्या सांदवाडीत जागा सारवली, शेणीवर तूप घातलं. गुरुजींना बोलावलं नाही. नियमात एकांत म्हटलं होतं, तो त्यानं पाळला. फक्त धुरपता होती. सुतकात बसायची त्यानं मनाची तयारी केली होती. झेंड्याला आपणच आग द्यायची हे ठरवायला त्याला तीन वर्षं लागली, आणि ठरवल्यावर त्याला थोडं हलकंही वाटत होतं.

चिंध्या जळल्या नाहीत. आक्रसल्या, एकीत एक विरघळल्या, काळा धूर सुटला आणि थेंब थेंब गळून खाली डांबरासारखं काहीतरी जमा झालं. निवल्यावर त्याचा गोळा झाला, टणक. तिन्ही रंगांतला एकही त्यात नव्हता. बकाराम काटकीनं तो गोळा उलटासुलटा करत बराच वेळ उकिडवा बसला.

“राख नाई झाली वो,” तो म्हणाला. “राखच नाई झाली. आता सुतक धराचं का नाई?”

धुरपतानं त्याच्या हातातली काटकी काढून घेतली. “झेंड्याचं सोडा जी. उमरावच्या घरी काय खातीन याचं पाहा. तुमी त्याच्या धानाले आग देल्ली. त्याचं सुतक धरा.”

बकाराम तसाच उठला, सदरा घातला आणि उमरावच्या खळ्यावर निघाला. जाता जाता त्याचा विचार चालू होता. माणसाचं नुकसान आपण केलं, तर भरपाईही आपल्याजवळ जे सगळ्यात मोठं आहे त्यानंच केली पाहिजे. घरी कोठीत धान भरलेलं होतं, त्याच्याकडे त्याचं मन गेलंच नाही. त्याच्या लेखी आपल्याजवळ सगळ्यात मोठं एकच होतं. ते देणं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि इतकं मोठं आपण देतो आहोत याचा थोडा अभिमानही वाटत होता. हे दोन्ही खरं होतं.

खळ्यावर उमराव सुपानं धान वारवत होता. दाणा पायाशी पडत होता, पोचट वाऱ्यानं उडून बाजूला जात होतं. बाजूचा ढीग मोठा होता. यशोदाबाई झाडूनं दोन्ही वेगळे करत होती. तिनं बकारामला पाहून पदर सारखा केला.

“उमराव,” बकाराम म्हणाला, “आजपासून तुडुम तुमच्या घरचं. दट्ट्या तू ओढ. तुह्या पोरानं ओढाव. कापगत्यायचा मान मी सोडला. गावाले मी सांगतो, कोनी काही म्हननार नाई.”

उमरावनं सूप खाली घेतलं. कपाळाचा घाम पुसला. बकारामच्या खानदानात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट आपल्या दारात येऊन उभी आहे हे त्याला कळलं होतं, आणि गावात दुसऱ्या कोणालाही ती मिळाली असती तर त्यानं पेढे वाटले असते हेही त्याला माहीत होतं. तो ‘हो काका’ म्हणाला नाही.

“मले मान नाई पाहिजे काका,” तो म्हणाला. “मले पानी पाहिजे होतं.”

आणि त्यानं सूप भरून पुन्हा वर धरलं.